आडव्या रेघा

बॅलार्ड पिअरच्या परदेशी टपाल कचेरीत
कस्टमचा माणूस पाकीट उजेडाकडे धरतो.
आत काय?
कार्डं. बेसबॉलची. जपानहून.
खेळाडू जपानी?
नाही. दोन अमेरिकन, आणि एक बहुतेक पनामाचा.
नावाजलेले?
मुळीच नाहीत.
मग किंमत काय लिहू, वळंजू?
लिहा हवी ती, मी म्हणतो. तो शंभर रुपये लिहितो,
शिक्का नीट उमटत नाही म्हणून दोनदा मारतो.

शिवडीला, घरी, पंखा बंद करून
मी त्यांना टेबलावर मांडतो.
वेफर्सच्या पाकिटाबरोबर फुकट मिळालेले हे लोक,
काहींच्या कोपऱ्याला अजून तेव्हाचं तेल आहे.
इथल्या हवेत पुठ्ठा पापडासारखा वाकतो,
म्हणून औषधांच्या बाटल्यांतल्या त्या पांढऱ्या पुड्या
मी कॉलनीभर मागून ठेवल्यात.
कोयंडे वहिनी गोळ्या संपल्या की
पुडी दाराच्या कडीत खोचून जातात.
कशाला, असं एकदाही विचारलं नाही त्यांनी.

जपानीत ल नाही.
जे ल घेऊन उतरले, त्यांच्या हाती र आला.
हॅलोरनचा हारोरान. व्हिकर्सचा बिक्काझू.
मी प्लॅस्टिकच्या पाठीवर बारीक अक्षरात देवनागरी लिहितो,
ज्याचा ल त्याला परत.
ळ मात्र कुणाचाच हरवलेला नसतो.

क्विंबी, नागोया, एकच मोसम:
जूनमध्ये बायकोचे दिवस भरले म्हणून घरी गेला
तो गेलाच.
(हे कुठे वाचलं आठवत नाही. मीच ठरवलं असेल.)
तेहादा चौकटीबाहेर बघतोय,
फोटो काढताना कुणीतरी हाक मारली असावी.
आणि हा एक, ज्याचं कार्ड फेब्रुवारीत छापलं
आणि जो मार्चमध्येच परत गेला.
मागे आकड्यांच्या रकान्यांत
नुसत्या आडव्या रेघा.

मीही होतो तिकडे. अकरा महिने,
क्रेनच्या ड्रॉइंगवर. बारांजु-सान म्हणायचे.
निशिनोमियाला, नाणी टाकायच्या धुलाईघरात
एका रात्री एक उंच माणूस बसला होता,
गुडघ्यावर बर्फाची पिशवी.
त्याच्याकडे एक नाणं कमी होतं, मी दिलं.
काय करतोस, मी विचारलं.
बॉल फेकतो, म्हणाला. सध्या नाही.
आणि तू?
क्रेन काढतो. कागदावर.
मग आम्ही त्याचे मोजे गोल गोल फिरताना
बघत बसलो, वाळेपर्यंत.
नाव सांगितलं त्यानं. मशीनच्या घरघरीत
मला शेवटचं अक्षर तेवढं ऐकू आलं,
आणि तेही आता राहिलं नाही.

त्र्याऐंशी कार्डं झाली.
चेहरा मी केव्हाच विसरलो, गुडघा ओळखला असता,
पण कार्डावरचा माणूस
कमरेपर्यंतच असतो.

खालच्या मजल्यावरचा निहार
आपली पैलवानांची कार्डं घेऊन येतो.
आजोबा, याची पॉवर किती?
छापलेली नाही रे.
वजन?
तेही नाही.
मग हा हरणार, तो म्हणतो, आणि तरी पिसायला घेतो,
अंगठ्याला लागलेल्या कुरमुऱ्यांसकट.
मी हात पुढे करतो, मागे घेतो.
वाटता वाटता तो थांबतो,
रेघांवरून बोट फिरवतो.
हा अजून खेळलाच नाहीये ना?
नाही.
मग याला नको काढू आत्ताच, तो म्हणतो,
आणि कार्ड गड्डीच्या तळाशी सरकवतो.
घामानं दोघांचेही शर्ट पाठीला चिकटलेत.
पंखा लावू का, तो विचारतो.
थांब जरा.